विश्रामबागवाडा : एका जुन्या कचेरीचा इतिहास

पुण्यातील पेशवाई वाड्यांपैकी किती उरले, असा प्रश्न आम्ही वर्गात विद्यार्थ्यांस नेहमी विचारीत असू. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात भस्मसात झाला. त्याच रात्री विश्रामबागवाड्यासही आग लागली होती. तो मात्र आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. का उभा आहे, हे ज्ञातिबांधवांनी ध्यानी घ्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ साली पुरा केला. बांधकामास सहा वर्षे व सुमारे दोन लक्ष रुपये लागले. दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि सज्जाचे कोरीव काम पाहून त्या काळच्या सुतारांच्या हाताची कल्पना येते. त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत! धन्याचे नाव राहते, कारागिराचे जाते.

१८१८ मध्ये राज्य गेले. तीनच वर्षांनी, १८२१ साली, कमिशनर चॅप्लिन यांनी येथे संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून चाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. डेक्कन कॉलेजचे मूळही हेच. धन्यावाचून ओस पडावयाचा तो वाडा विद्यार्थ्यांनी नांदता ठेविला.

आगीत जळालेला भाग पुढे लोकवर्गणीतून व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा बांधण्यात आला. पुढे नगरपालिकेची कचेरीच येथे आली. १९५० साली महानगरपालिका झाली, तरी १९५९ पर्यंत कारभार याच वाड्यातून चाले. पेशव्याच्या विश्रांतीस्थानी सामान्य नागरिकाने आपला अर्ज घेऊन यावे, यात आम्हांस काळाचा न्याय दिसतो. अलीकडे महानगरपालिकेने वाड्याची डागडुजी केली व पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन तेथे मांडले.

अशा वास्तू एकाएकी पडत नाहीत. कौल सरकते, पावसाचे पाणी भिंतीत मुरते, आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक आतून कुजू लागते. बाहेरून काही दिसत नाही. मग कोणी घाईने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवितो. ओल आत कोंडते व लाकूड अधिकच लवकर जाते. चुन्यास चुनाच लावावा, हे जुने गवंडी जाणत होते.

हे सारे येथे लिहिण्यास कारण आहे. आपल्या संघाची जुनी वास्तू पाडून तेथे नवी इमारत उठवावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. नव्या सभागृहाची गरज आम्ही नाकारीत नाही. विवाहसमारंभास जागा अपुरी पडते, हे खरेच. परंतु आजवर कोणीही माळ्यावर चढून तुळया तपासल्या नाहीत. वास्तू मोडकळीस आली आहे हे वाक्य मात्र प्रत्येक बैठकीत ऐकावयास मिळते. तेव्हा मतदानापूर्वी जाणत्या स्थापत्यविशारदाकडून पाहणी व्हावी, वास्तूची मोजमापे व छायाचित्रे दप्तरी ठेवावीत, आणि दुरुस्तीचा व नव्या बांधकामाचा असे दोन्ही अंदाज सभासदांपुढे यावेत, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. तीस अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सभेपूर्वी आपली नावे त्यांजकडे कळवावीत.