घोरणें, श्वास आणि यंत्र

हदगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं घरांतील वडील माणूस मोठ्यानें घोरूं लागला, कीं आजहि ‘झोप कशी गाढ लागली आहे’ असेंच म्हटलें जातें. तें घोरणें मध्येंच थांबतें, क्षणभर घर शांत होतें, आणि मग तो दचकून श्वास घेतो, हें शेजारीं निजणारालाच ठाऊक. निजलेल्याला त्याची गंधवार्ता नसते. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बुजते, रक्तांतील प्राणवायु उतरतो. कित्येकांस एका रात्रींत शेंकडों वेळां असें होतें. या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात.

१९८० पर्यंत यावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्यास छिद्र पाडून श्वासाला दुसरी वाट करून देणें. त्या वर्षीं सिडनी येथें कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावरील मुखवट्यांतून सतत हलक्या दाबाची हवा सोडून पाहिली. हवेचा दाब घशाला आंतून आधार देतो, एवढेंच त्याचें रहस्य. १९८१ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें ५ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व सहकारी यांच्या २००४ च्या पाहणींत मध्यम वयाच्या पुरुषांपैकीं शेंकडा ७.५ जणांस हा रोग लक्षणांसह आढळला. तेव्हां हा केवळ पाश्चात्त्यांचा रोग, ही समजूत खोटी ठरली.

परंतु यंत्रानें रोग मुळापासून जात नाहीं. ज्या रात्रीं तें लावावें त्या रात्रींपुरताच श्वास मोकळा. १९९३ सालीं अमेरिकेंत क्रिब्स आदि संशोधकांनीं यंत्राच्या वापराची नोंद यंत्रानेंच ठेवविली. ३५ रोग्यांपैकीं १६ जणच शेंकडा ७० दिवस किमान ४ तास तें लावीत होते. रोज लावतों असें सांगणारे मात्र याहून अधिक निघाले. त्यांनीं मुद्दाम खोटें सांगितलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. झोपेंत मुखवटा काढून टाकणाराला सकाळीं तें आठवेलच असें नाहीं.

मुखवट्याचा काच, कोरडें पडणारें नाक, नळीसह निजण्याचा संकोच, हीं कारणें सर्वत्र सारखींच. हदगांवाकडे त्यांत विजेची भर. २००५ च्या सुमारास भारनियमनामुळें ग्रामीण महाराष्ट्रांत रोज तासन् तास वीज नसे. आणि हवेचा झोत तर विजेवरच चालणारा. १९९७ सालीं वीव्हर आदि संशोधकांस असें दिसलें, कीं नियमानें वापरणारे व टाळणारे यांच्यांतील फरक पहिल्या ४ दिवसांतच उघड होऊं लागतो. नांदेडहून यंत्र घेऊन परतलेल्या माणसाचे हेच ४ दिवस. मुखवटा बोंचला, पट्टा सैल पडला, तर तो नीट बसवून देणारा जिल्ह्याच्या गांवीं. आणि मुखवटा गळून पडल्याचें प्रथम कळतें तें पुन्हां घोरण्याच्या आवाजानें जाग्या झालेल्या घरच्या माणसाला.