सेवा कोणाची, करार कोणाचा? : सर्व्हिसेस कम्प्युटिंगचा इतिहास आणि आपण



आपल्या वस्तीतला एखादा मुलगा इंजिनिअर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला की आपण अभिमानाने सांगतो, "आमचा पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे." पण कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमका कशात? भारतातल्या बहुतेक आयटी कंपन्या यंत्रे बनवत नाहीत, त्या सेवा विकतात. या सेवांचे आज एक स्वतंत्र शास्त्र आहे. विद्यापीठांत त्याचे अभ्यासक्रम आहेत, परिषदा होतात, नियतकालिके निघतात. त्याला म्हणतात सर्व्हिसेस कम्प्युटिंग. हे शास्त्र कोणी उभे केले, कोणाच्या मदतीने शिकवले आणि ते घडत असताना आपला समाज कुठे होता, हे तपासण्यासाठी हा लेख.

आधी विषय समजून घेऊ. तुम्ही शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरता तेव्हा एकच प्रोग्राम सगळे काम करतो असे वाटते. तसे नसते. एक यंत्रणा आधार तपासते, दुसरी जातीचा दाखला, तिसरी उत्पन्नाचा दाखला, चौथी बँकेचे खाते. प्रत्येक यंत्रणा ही एक 'सेवा' असते. तिला काय विचारायचे आणि ती काय उत्तर देईल, हे आधी लिहून ठरलेले असते. अशा सुट्या सेवा जोडून मोठे काम कसे करायचे, त्यातली एक बंद पडली तर काय करायचे, तिचा दर्जा कसा मोजायचा, जबाबदारी कोणाची, या प्रश्नांचे शास्त्र म्हणजे सर्व्हिसेस कम्प्युटिंग. साखळीतली एक कडी तुटली की पडद्यावर 'अर्ज प्रलंबित' दिसते आणि मुलाचे वर्ष वाया जाते. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरांचा नाही, तो आपल्या पोटाचा आणि पाटीचा विषय आहे.

आता इतिहास. कोणतेही शास्त्र आकाशातून पडत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठात १९४५ साली आयबीएम कंपनीने वॉटसन प्रयोगशाळा सुरू केली. कंपनीने यंत्रे दिली, विद्यापीठाने माणसे दिली. संगणकशास्त्र तेव्हा विषय म्हणून अस्तित्वातही नव्हते. गणित आणि विद्युत अभियांत्रिकीच्या कुशीत ते वाढले आणि १९६२ साली अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला.

चाळीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. २००० च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक इंटरनेटवरून एकमेकांशी बोलू लागावेत म्हणून सोप, डब्ल्यूएसडीएल यांसारखे सामाईक नियम तयार झाले. २००३ साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेत सर्व्हिसेस कम्प्युटिंगची तांत्रिक समिती झाली. २००४ पासून आयबीएमने विद्यापीठांना 'सेवाविज्ञान' शिकवा म्हणून साद घातली. त्यात संगणक, व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि समाजशास्त्रे एकत्र आणायची होती. २००६ साली अॅमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने देणे सुरू केले आणि 'क्लाउड' घराघरांत पोचला. २००८ साली या विषयाचे आयईईईचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल्सरूह येथे विद्यापीठ आणि कंपनी यांनी मिळून सेवासंशोधन संस्था उभारली. म्हणजे हा विषय जन्मापासूनच सहकार्याने शिकवला गेला. एकट्या प्राध्यापकाच्या, एकट्या विभागाच्या आवाक्यातले ते काम नव्हते.

भारताची गोष्ट याहून बोलकी आहे. आयआयटी कानपूर १९५९ साली सुरू झाली. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी मिळून तिला हात दिला. एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, कॅलटेक, मिशिगन आणि वर सांगितलेले पर्ड्यू त्यांत होते. पैसा अमेरिकन सरकारच्या मदत कार्यक्रमातून आला. १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक कानपूरला आला. तो कपाटात बंद ठेवला नाही. विद्यार्थी तो स्वतः चालवत. देशभरातल्या प्राध्यापकांना, शास्त्रज्ञांना बोलावून थोड्या दिवसांचे वर्ग घेतले गेले. प्रा. व्ही. राजारामन यांनी तिथे शिकवले आणि परवडणारी पाठ्यपुस्तके लिहिली. पुढे १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती हे कानपूरचेच विद्यार्थी. भारताच्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या मुळाशी ही सहकारी शिक्षणाची दहा वर्षे आहेत.

आता तारखा शेजारी ठेवा. संगणक कानपूरला आला १९६३ साली. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण लागू झाले १९७३ साली. त्याच्या आदल्या वर्षीच नऊ विद्यापीठांचा कार्यक्रम संपला होता! ओबीसींना तर २००८ पर्यंत थांबावे लागले. ज्या काळात पाया घातला गेला, यंत्रावर पहिला हात कोणाचा पडणार हे ठरले, त्या काळात आपल्यासाठी दार उघडणारी तरतूदच नव्हती. पाया भरून झाल्यावर दार उघडले आणि मग विचारले गेले, "तुम्ही मागे का?"

आणि हे कोणाला कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. बाबासाहेबांनी कानपूरच्या वीस वर्षे आधी हे ओळखले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला एक निवेदन दिले. त्यात त्यांनी मांडले की केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण अस्पृश्यांना पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण नेईल. ते शिक्षण महाग आहे, म्हणून त्यांनी देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. ही मागणी दयेची नव्हती, सरकारी तिजोरीतल्या हिश्शाची होती.

इथे 'मेरिट'वाले उठतील. ते म्हणतील, तंत्रज्ञानात जात पाहू नका, गुणवत्ता पाहा. ठीक आहे, गुणवत्ताच पाहू. कानपूरची गुणवत्ता कशातून आली? परदेशी पैशातून, आयत्या आलेल्या यंत्रातून, नऊ विद्यापीठांच्या दहा वर्षांच्या मदतीतून आणि भारतीय करदात्याच्या पैशातून. त्या करदात्यांत काडेपेटीवर कर भरणारे आपले आजोबाही होते. या मदतीला कोणी कुबडी म्हटले नाही, राष्ट्रउभारणी म्हटले. मग तीच मदत आपल्या मुलाला शिष्यवृत्ती आणि आरक्षण म्हणून मिळाली की ती कुबडी कशी होते? गुणवत्ता जन्माने येत नाही, ती साधने आणि सहवास यांतून घडते, हेच कानपूरचा इतिहास सिद्ध करतो. आमचा युक्तिवाद आम्हाला वेगळा शोधावा लागत नाही. तो त्यांच्याच इतिहासात लिहिलेला आहे.

आणखी एक गोष्ट. 'सेवा' हा शब्द आपल्याला नवा नाही. महार वतनात आपल्या पूर्वजांनी सेवाच केली. पण ती कशी? काम किती, वेळ कोणता, मोबदला काय, काहीच निश्चित नाही. हाक आली की रात्री-अपरात्री जायचे, घरचा कर्ता नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच अन्यायाविरुद्ध. सर्व्हिसेस कम्प्युटिंगचा पहिला धडा नेमका उलटा आहे. सेवा म्हणजे लेखी करार. काय देणार, किती वेळात देणार, चुकलो तर भरपाई काय, हे आधी ठरलेले. यंत्राच्या सेवेला जो करार मिळतो, तो माणसाच्या सेवेला अजून मिळत नाही. अॅपवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला विचारा. त्याचा दर कोण ठरवतो, त्याचे खाते कोण बंद करतो, दाद कुठे मागायची? राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा केला, तो या दिशेचे एक पाऊल आहे. पण अॅपच्या आतला नियम वाचता येणारा माणूस आपल्या बाजूला नसेल, तर कायदा कागदावर राहील. जुने वतन गेले, नवे वतन मोबाइलमध्ये येऊ द्यायचे का?

म्हणून तरुणांना सांगणे आहे. फक्त 'कोडिंग शिका, नोकरी मिळवा' एवढ्यावर थांबू नका. सेवाविज्ञान मांडणाऱ्यांनी सुरुवातीपासून सांगितले आहे की इथे इंग्रजी 'टी' अक्षरासारखी माणसे लागतात, एका विषयात खोल आणि इतर विषयांत रुंद. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला, अंगठा जुळला नाही म्हणून परत आलेला मुलगा हा विषय शिकला, तर साखळी कुठे तुटते हे त्याला पुस्तक न उघडता कळेल. हे ज्ञान आपल्याकडे आहे, त्याला शास्त्राची जोड हवी.

साधनेही आहेत. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून चालवलेल्या एनपीटीईएलवर या विषयांची व्याख्याने फुकट मिळतात. पण एकट्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून बहुतेकांचा अभ्यास तिसऱ्या आठवड्यात सुटतो. कानपूरला यंत्र एक होते, शिकणारे अनेक होते, आणि एकमेकांना शिकवत ते पुढे गेले. आपल्या प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक विहारात आठ-दहा जणांचा गट बसू शकतो. त्यात एक कायद्याचा विद्यार्थी असावा, एक वाणिज्यचा, एक समाजकार्याचा, बाकी संगणकाचे. एक शासकीय सेवा निवडा, ती कशी चालते ते कागदावर मांडा, कुठे अडते ते शोधा, माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारा. कंपनीत नोकरी करणाऱ्या आपल्या दादा-ताईंनी महिन्यातला एक रविवार या गटाला द्यावा. समाजाचे ऋण फेडायला यापेक्षा चांगला मार्ग कोणता?

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश होता. एकत्र बसून शिकलो, तर त्यातच संघटनही होते. पुढची व्यवस्था लिहिली जात असताना लिहिणाऱ्यांत आपण असलो पाहिजे. १९६३ साली दाराबाहेर होतो. आता बाहेर राहिलो, तर दोष फक्त त्यांचा उरणार नाही.

जयभीम!