सामाईक विहीर

हडपसर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अजून मुठेचा उजवा कालवा आणि त्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस उभा राहतो. पुढे उसाच्या शेजारी कारखाने आले, भोंगे वाजू लागले आणि कारखान्यांच्या पाठोपाठ काचेच्या इमारती आल्या. ही तिन्ही युगे ज्याच्या एकाच घरात नांदली, असा माझा एक बालमित्र तेथे राहतो. त्याचे आजोबा ऊस लावीत, वडील औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहत आणि हा संगणकाच्या पडद्यावर पाने रचतो. लोक त्याला वेब डेव्हलपर म्हणतात. मी त्याला ‘पानवाला’ म्हणतो आणि तो चिडत नाही.

आम्ही दोघे १९९६ साली मॅट्रिक झालो. मी तेथेच थांबलो, मुलांना बाराखडी शिकवू लागलो आणि सुटीत कथा-कादंबऱ्या लिहू लागलो. तो पुढे शिकला. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले होते. ज्या ‘वेब’वर त्याचे पोट पुढे चालायचे होते, ते तरी कुठे जुने होते? जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी त्याचे पहिले पान १९९१ साली जगापुढे ठेवले. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ही विद्या सर्वांना विनामूल्य खुली केली. वाचकहो, ही तारीख ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

मित्राने १९९९ साली पहिली नोकरी धरली, तेव्हा तो एकेक खूण हाताने टंकून पाने बांधी. मग फ्लॅशची चलती आली. चित्रे नाचू लागली, बटणे गाऊ लागली, गिऱ्हाईक खूष! त्याने रात्रीचा दिवस करून ती विद्या कमावली. २००७ साली आयफोन आला आणि त्याने फ्लॅशला दारातच उभे केले. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी तिच्या मालकांनीच तिचा आधार काढून घेतला. ज्या इंटरनेट एक्सप्लोररच्या लहरी सांभाळण्यात त्याची उमेद खर्ची पडली, तोही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

“तुझे बरे आहे,” तो एकदा मला म्हणाला, “पंचवीस वर्षांपूर्वीची बाराखडी आजही चालते. माझी विद्या दर पाच वर्षांनी शिळी होते.”

बाराखडी मात्र संगणकावर तितकी सुखात नव्हती. तेव्हा मराठी अक्षर पडद्यावर आणायचे, तर प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट असे आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी तो मराठी आकार बसवी. तो फॉन्ट आपल्या संगणकात नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. उपाय नव्हता असे नाही. पुण्यातच १९८८ साली सीडॅक स्थापन झाली होती आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले होते. त्याच्याच आधाराने १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. ‘क’चा क्रमांक २३२५, पुण्यात तोच, परदेशातही तोच. पण हे वळण अंगवळणी पडायला वर्षे गेली.

त्या मधल्या काळात माझे नुकसान झाले. माझे वडील सांगत असलेली त्यांच्या गावची हकिकत मी २००१ साली कथारूपाने लिहिली. ती एका संकेतस्थळावर झळकली. मी पेढे वाटले. पुढे ते स्थळ बंद पडले, घर बदलताना हस्तलिखित हरवले, वडीलही गेले. हाती उरली एक तबकडी. तिच्यातली कथा उघडावी, तर नुसता कचरा!

गेल्या वसुबारसेला ती तबकडी घेऊन मी हडपसरला गेलो. मित्र तेव्हा चिंतेत होता. आता यंत्रच पाने लिहून देते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला कोण ठेवणार, हा घोर त्याला आणि वहिनींना लागला होता. तरी तो बसला. कोणत्या खुणेखाली कोणते अक्षर दडले आहे, याचा तक्ता त्याने मांडला. यंत्राचीही मदत घेतली. तासाभरात माझी वाक्ये उमटू लागली.

एके ठिकाणी मात्र यंत्राने सह्याद्रीत चक्क ‘दर्या’ आणला होता. मित्र हसला. “अरे, या दऱ्या आहेत!” ‘र’चा क्रमांक २३५२ आणि आपल्या ‘ऱ’चा २३५३. एका आकड्याची चूक आणि डोंगरात समुद्र! ती ज्याच्या नजरेने पकडली, तो माझ्याच वर्गात शुद्धलेखनाच्या छड्या खाल्लेला होता.

परतताना आम्ही मगरपट्ट्यावरून गेलो. २००० च्या सुमारास येथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि जमीन सुटी न विकता, तिच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले. उसाच्या रानात नगर उभे राहिले, तरी मालकी शेतकऱ्यांकडे राहिली.

मित्र म्हणाला, “आजोबांच्या सातबारावर सामाईक विहीर होती. पाळीवरून भांडणे होत, पण गाळ काढायला सगळे येत.”

मला एकदम उलगडले. फ्लॅश एकट्याची होती. मालकाने हात काढला आणि ती आटली. माझ्या कथेचा फॉन्टही एकट्याचाच. १९९३ साली सर्वांची झालेली ती विद्या मात्र चालू आहे. ते पहिले पानही, २०१३ साली जुन्या पत्त्यावर पुन्हा मांडलेले, आजच्या संगणकावर वाचता येते. सामाईक विहिरीचा गाळ काढणारे हात असतात. माझा मित्र त्यांतला एक.

त्याची नोकरी राहील का, हे मी कसे सांगावे? भाऊबीजेला मी ती कथा आईला वाचून दाखविली. दऱ्यांचे वर्णन आले तेव्हा ती म्हणाली, “हे अगदी त्यांच्यासारखेच बोलणे आहे.” मी तेवढेच मित्राला कळविले.