सफारी घ्यायची की स्कॉर्पिओ?

जुन्या सफारीच्या किंवा जुन्या स्कॉर्पिओच्या मागच्या दारातून आत चढलं, की बहुतेक मॉडेलांत दोन आखूड बाकं समोरासमोर दिसत. बसलं की गुडघ्याला गुडघा लागे, आणि कसारा घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पोटात ढवळायला लागे. पोरं तरीही तिथेच बसायला भांडत. लाखो रुपयांच्या गाडीत ही बैठक आली ती थेट जीपमधून. आणि महाराष्ट्रात जीप म्हटलं की आधी आठवायचं ते वडाप.

गावच्या फाट्यावर उभं राहून माणसं कोंबणारी, टपावर कोंबड्यांची डालगी आणि पाठीमागे दोघं-तिघं लोंबकळणारी ती गाडी कधी महिंद्राची जीप असे, कधी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. महिंद्राने 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून ही गाडी पोलीस, वनखातं, पाटबंधारे आणि पुढाऱ्यांची. घरच्या माणसांना घेऊन लग्नाला जायला कुणी ती विकत घेईल, अशी तिची ओळखच नव्हती.

शिवाय गाड्यांची तुलना करायला आधी निवड लागते, आणि तीच तेव्हा तोकडी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, पुढे जिचं नाव पद्मिनी झालं ती, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसेडर यांच्यापैकी एखादीसाठी पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहायची, हाच गाडीखरेदीचा रिवाज होता. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हा रिवाज मोडू लागला. पण आजी-आजोबा, दोन पोरं आणि आत्याबाई यांना एका फेरीत नेणारी घरगुती गाडी तरीही नव्हतीच.

1994 मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, सुमो आणली. कंपनी घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातली पहिली इंग्रजी अक्षरं जोडून हे नाव झालं. सुमो धडाक्यात खपली, आणि बघता बघता तिचंही वडाप झालं. टॅक्सीवाले, ट्रॅव्हल्सवाले, कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करणारे, सगळ्यांनी ती उचलली. दारात सुमो उभी राहिली की शेजारी विचारत, “भाड्याने लावलीय का?”

हा शिक्का पुसायला टेल्कोने 1998 मध्ये सफारी काढली. सांगाडा सुमो आणि टेल्कोचीच सिएरा यांच्या घराण्यातला, इंजिन 1,948 सीसीचं टर्बो डिझेल. पण उंची, रुंद खांदे आणि मागच्या दारावर टांगलेलं सुटं चाक असा थाट होता की हिला भाड्याची कुणी म्हणेना. एवढ्या वजनाला ते इंजिन चढावर कमी पडतं, ही मात्र तिच्या चाहत्यांचीही तक्रार होती.

इकडे नाशिकला महिंद्राची वेगळीच तयारी चालली होती. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करून आलेले पवन गोएंका 1993 मध्ये महिंद्राच्या संशोधन विभागात रुजू झाले होते. त्यांच्या तुकडीने साडेपाचशे-सहाशे कोटींच्या खर्चात एक नवी गाडी उभी केली. बड्या परदेशी कंपन्या एका मॉडेलवर जो खर्च करत, त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. जून 2002 मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आली. इंजिन 2.6 लिटरचं, ताकद 109 अश्वशक्ती, सुरुवातीची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास. त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही पूर्ण खुला झाला, आणि उंच गाडी भरधाव नेण्याची हौस भागवायला रस्ता मिळाला.

मग घराघरांत वाद रंगले. सफारीवाले म्हणत, बसायला राजेशाही, खड्डा कळत नाही. स्कॉर्पिओवाले म्हणत, पिकअप बघा आणि किंमत बघा. एकाचा भरवसा असा, की टाटाचे ट्रक जातात तिथे मिस्त्री सापडतोच. दुसऱ्याचा असा, की ट्रॅक्टरमुळे महिंद्राचं नाव तालुक्यापर्यंत पोचलेलं आहे. निवडणुकीच्या ताफ्यात कोणती गाडी पुढे, हाही मुद्दा असे. 2005 च्या सुमारास दोघींनी कॉमन रेल डिझेल इंजिनं घेतली आणि ताकदीतलं अंतर जवळपास मिटलं. अपघात झाला तर आतल्या माणसांचं काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येई.

तो आणला आकड्यांनी. मे 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले आणि देशभर त्याची बातमी झाली. आणखी एक आकडा त्याआधीच गाजला होता: डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2,000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली होती. ती ऑगस्ट 2016 मध्ये उठली, पण तेवढ्या अवधीत महिंद्राने 1.99 लिटरचं इंजिन काढून वाट शोधली. शोरूममध्ये बोनेट उघडून बघणारी माणसं आता चाचणीचे अहवाल वाचून येऊ लागली.

2021 मध्ये जुनी जोडी नव्या रूपात भिडली. जानेवारीत टाटाने सफारीचं नाव पुन्हा बाहेर काढलं. नव्या सफारीचा पाया लँड रोव्हरच्या तंत्रावरून घेतलेला, डिझेल इंजिन फियाटच्या घराण्यातलं. ऑगस्टमध्ये महिंद्राची एक्सयूव्ही 700 आली, पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत. जुन्या गाड्यांखालची शिडीसारखी चौकट दोघींनीही सोडली होती. एक्सयूव्हीने त्याच वर्षी पाच तारे मिळवले, सफारीने 2023 मध्ये. आडवी बाकंही गेली. तिसऱ्या रांगेतली माणसं आता रस्त्याकडे तोंड करून बसतात. तरी खरेदीला आलेलं कुटुंब आजोबांना आधी मागे चढवून बघतं: पाय कुठे ठेवायचा, गुडघे कुठे टेकतात, एसीचा झोत मागे पोचतो का.

गंमत म्हणजे नंबर लावणंही परत आलं. ऑक्टोबर 2021 मध्ये एक्सयूव्हीच्या पहिल्या 25,000 गाड्यांची नोंदणी 57 मिनिटांत झाली. जुलै 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनसाठी अर्ध्या तासात एक लाख जणांनी पैसे भरले आणि मग महिनोन्महिने फोन करत राहिले.

सफारी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तयार होते, एक्सयूव्ही चाकणला. मधलं अंतर वीसेक किलोमीटर. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात संध्याकाळी कोंडी झाली, की कोऱ्या गाड्या लादलेले कंटेनर तिथेच खोळंबतात, आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवत उभं असतं राजगुरुनगरकडे निघालेलं, खच्चून भरलेलं एखादं वडाप.