लिनक्स वितरणांतील गृहीत बांधणी-पर्याय

लिनक्स संगणक प्रणालीच्या बहुतेक वितरणांत कार्यक्रम आधीच यंत्रभाषेत रूपांतरित करून पुरविले जातात. मूळ संकेतावर आधारलेल्या वितरणांत हे रूपांतर वापरणाऱ्याच्या संगणकावर होते. त्यामुळे कार्यक्रमाला कोणते अंग जोडावे व कोणते वगळावे, याची निवड त्याच्या हाती राहते. त्याने ती केली नाही, तर जे धरून चालतात तो गृहीत पर्याय होय. व्यवहारात त्यास ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

फ्रीबीएसडी प्रणालीत १९९४ पासून ‘पोर्ट्स’ ही बांधणीची व्यवस्था प्रचारात होती. तिच्या प्रेरणेने डॅनियल रॉबिन्स यांनी ‘पोर्टेज’ ही व्यवस्था रचली. त्यांच्या १९९९ मधील ‘इनॉक’ या वितरणास पुढे जेंटू हे नाव मिळाले व त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००२ मध्ये निघाली. जेंटूमध्ये प्रत्येक ऐच्छिक अंगास एक खुणाशब्द असतो; तो लिहिला की अंग जोडले जाते, त्याच्या आधी वजाचिन्ह दिले की वगळले जाते. आरंभी गृहीत पर्याय सर्व कार्यक्रमांसाठी एकत्रच ठरत. एखाद्याच कार्यक्रमात एखादे अंग मुळातच हवे असले, तर ‘नको’ अशा अर्थाचे उलटे खुणाशब्द योजावे लागत. २००७ मध्ये प्रत्येक कार्यक्रमास स्वतःचे गृहीत पर्याय नोंदविण्याची सोय झाली. मात्र वितरणाची रूपरेषा त्यांहून वरचढ, आणि वापरणाऱ्याची निवड सर्वांत वरचढ ठरते.

शेकडो खुणाशब्द स्वतः पारखणे कोणालाच शक्य नसल्याने खरा निर्णय पुष्कळदा गृहीत पर्यायाचाच असतो. कमीत कमी अंगे जोडण्याचे धोरण सुटसुटीत खरे, पण वगळलेले अंग कोणाच्या गरजेचे होते हे त्यात दिसत नाही. इमेजमॅजिक हा चित्रांवर प्रक्रिया करणारा कार्यक्रम बांधताना अक्षरजुळणीचे ‘रॅक्म’ हे अंग ऐच्छिक असते. रोमन लिपीत त्याची उणीव सहसा जाणवत नाही. त्याच्यावाचून चित्रावर ‘नरसी नामदेव’ हे ग्रामनाम जवळजवळ ठीक उमटते. ‘हिंगोली’ या जिल्ह्याच्या नावात मात्र ऱ्हस्व वेलांटी ‘ह’च्या आधी न येता नंतर पडते. जोडाक्षरेही सुटी होतात.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने तयार बांधलेले कार्यक्रमही मोठ्या प्रमाणावर पुरविण्यास आरंभ केला. वापरणाऱ्याची निवड त्यांच्या बांधणीशी जुळली तरच ते उपयोगी पडतात; न जुळल्यास बांधणी पूर्वीप्रमाणे त्याच्याच संगणकावर करावी लागते.