हॉर्न वळणावरच का वाजतो? जुन्या पद्मिनीच्या हँडलमधले इलेक्ट्रिक बिघाड शोधायचे कसे

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतली पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून बाद झाली. शहरातली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा होती 20 वर्षं. पण खासगी नंबरच्या पद्मिनी हौशी मालकांनी अजून जपल्यात. त्यांच्या काही तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. वळताना हॉर्न आपोआप वाजतो, इंडिकेटर पेटतो पण लुकलुकत नाही, रात्री हेडलाइट पिवळट पडतात.

या सगळ्याचे स्विच हँडलपाशी, म्हणजे स्टिअरिंग कॉलमवर असले, की "स्विच गेलाय, बदलावा लागेल" हे उत्तर लगेच मिळतं. अनेकदा स्विच ठणठणीत असतो आणि दोष अर्थिंगचा किंवा वायरचा निघतो. चांगला मूळ स्विच फेकला, की तसा परत मिळणं कठीण. म्हणून आधी मोजायचं, मग खोलायचं.

आधी अर्थिंग समजून घ्या

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ही गाडी मुळात फियाट 1100 चीच. 12 व्होल्टची बॅटरी आणि तिचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. म्हणजे करंट वायरमधून जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत याच्या उलट, पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. मीटर लावण्याआधी ते बघून घ्यावं.) पत्रा गंजला, रंगाचा थर मध्ये आला किंवा बोल्ट सैल झाला की परतीची वाट अडते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पितळी टोकांवर हिरवा कळंक चढतो, तो वेगळाच.

इथे एक सोपी खूण कामाला येते. हॉर्न, इंडिकेटर आणि दिवे एकदमच लहरीपणा करू लागले, तर तीन वस्तू एकाच आठवड्यात बिघडल्या असं समजू नये. तिघांची सामाईक जागा शोधावी. फ्यूज बॉक्स, अर्थिंगचा बोल्ट किंवा डॅशबोर्डखालचा जोड.

हॉर्नची गंमत

बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नपर्यंत करंट आधीच पोचलेला असतो. बटण दाबल्यावर फक्त अर्थ पूर्ण होतो. बटणाची वायर कॉलममधून वर जाते. हँडल मात्र गोल फिरणारं, त्यामुळे तिथे एक पितळी रिंग आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला कॉन्टॅक्ट असतो. निम्म्या भानगडी याच जागी होतात.

हॉर्न अजिबात वाजत नसेल तर हॉर्नपाशी येणारी बटणाची वायर काढावी आणि त्या टोकाला दुसऱ्या वायरने क्षणभर स्वच्छ बॉडीचा स्पर्श द्यावा. रिले असेल तर हेच रिलेच्या बटणाकडच्या टोकाला करायचं. कुठलं टोक बटणाचं आणि कुठलं करंटचं, हे टेस्ट लॅम्पने आधी ठरवून घ्यावं, नाहीतर थेट शॉर्ट होईल. हॉर्न वाजला, तर हॉर्न आणि फ्यूज ठीक आहेत आणि दोष कॉलममध्ये आहे. नाही वाजला, तर हँडलला हात लावायची गरजच नाही.

वळणावर आपोआप वाजत असेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून बटणाची वायर हॉर्नपासून सुटी करावी. मल्टीमीटर बझरवर ठेवून एक टोक त्या वायरला आणि दुसरं बॉडीला लावावं. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं. बटण न दाबता बझर वाजला, तर वायरचं आवरण कुठेतरी घासून तांबं कॉलमला टेकतंय किंवा रिंग तिरकी झालीये. हँडलचा गिअर असलेल्या गाडीत गिअरचा दांडाही तिथेच हलतो, म्हणून गिअर बदलत हीच चाचणी पुन्हा करावी. बटण दाबूनही एखाद्या कोनात बझर गप्प बसला, तर रिंग मळलेली आहे किंवा कॉलमलाच नीट अर्थ मिळत नाही. काही गाड्यांत कॉलमच्या खाली रबरी कपलिंग असतं आणि त्याला वळसा घालणारी छोटी अर्थ वायर तुटली की हॉर्न बंद पडतो.

इंडिकेटर लुकलुकत नाही

जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. आतली पट्टी करंटने तापते, वाकते, संपर्क तोडते आणि थंड झाली की पुन्हा जोडते. एका बाजूचे 21 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साधारण 3.5 अँपिअर ओढतात. एक बल्ब गेला किंवा त्याच्या होल्डरचं अर्थिंग गंजलं, तर करंट कमी पडतो आणि पट्टी पुरेशी तापत नाही. हौसेने एलईडी बल्ब बसवले तरी हेच होतं. एकाच बाजूचा त्रास असेल तर आधी त्या बाजूचे होल्डर पॉलिश पेपरने घासावेत. दोन्ही बाजू बंद असतील, तर फ्यूज आणि फ्लॅशर बघावा.

दिवे: इथे हलगर्जीपणा नको

समजा, गाडीत 60 वॉटचे दोन हेडलाइट आहेत. 12 व्होल्टवर ते 10 अँपिअर घेतात. रिले नसेल तर हा सगळा करंट स्विचच्या छोट्या कॉन्टॅक्टमधून जातो. कार्बन धरून तिथे फक्त 0.1 ओहम अडथळा आला, तरी 1 व्होल्ट वाया जातो आणि 10 वॉट उष्णता बोटभर प्लास्टिकमध्ये साठत राहते. करंट वाढलेला नसल्यामुळे फ्यूज उडत नाही. आग लागण्याची भीती आहे ती इथे. दिवे लावून दहा मिनिटांत कॉलमचं कव्हर गरम लागलं किंवा जळका वास आला, तर त्या रात्री गाडी चालवू नये.

तपासणी साधी आहे. दिवे चालू ठेवून मीटरची दोन टोकं स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरला लावावीत. 0.2 व्होल्टच्या आसपास फरक चालतो, अर्धा व्होल्ट दिसला तर कॉन्टॅक्ट साफ करायला हवेत. कायमचा उपाय म्हणजे हेडलाइटसाठी रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज. मग स्विचला फक्त रिले चालवण्याइतका करंट पुरतो. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणं म्हणजे गाडी पेटवण्याचीच तयारी.

हँडल काढावंच लागलं तर

बॅटरी सोडवावी, चाकं सरळ करावीत आणि हँडल व शाफ्ट यांवर जुळणारी खूण करावी. मधला नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे अडकलेलं हँडल अचानक सुटून तोंडावर येत नाही. शाफ्टवर हातोडी मारू नये, पुलर वापरावा. (एअरबॅग असलेल्या नव्या गाडीवर हे प्रयोग घरी करायचेच नाहीत.) वायरवर नवी स्लीव्ह घालून ती हलणाऱ्या भागापासून लांब बांधावी. जोडणी झाल्यावर दिवे आणि इंडिकेटर चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत तीन-चार वेळा फिरवावं, प्रत्येक कोनात हॉर्न दाबून बघावा आणि मगच कव्हरचे स्क्रू आवळावेत.