कापूस आणि कॉटन

आज बुलढाणा जिल्ह्यांत असलेल्या खामगांवास इ. स. १८७० मध्यें जलंबपासून आगगाडीचा फांटा आला, तेव्हां त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले होते. अवघ्या आठ मैलांच्या लोहमार्गास एवढा मान मिळाला तो कापसामुळें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. शेतकऱ्याच्या बैलगाडींत जो ‘कापूस’ होता, तो व्यापाऱ्याच्या वहींत ‘कॉटन’ झाला.

‘कॉटन’ हा शब्द आपल्या ‘कातणें’ या क्रियापदापासून निघाला असावा, असें कोणाच्याही मनांत सहज येईल. परंतु उच्चारांतील साम्य म्हणजे नातें नव्हे. ‘कातणें’ हें संस्कृत ‘कृत्’ या धातूकडे जातें. ‘कॉटन’चें मूळ मात्र अरबी ‘कुत्न’ हें आहे. अरबांनीं कापसाची लागवड सिसिली व स्पेन येथवर नेली, आणि मालाबरोबर नांवही गेलें. इटालियन भाषेंत तें ‘कोतोने’ झालें आणि फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत शिरलें. स्पॅनिश ‘अल्गोदोन’मध्यें तर अरबी ‘अल्’ हा उपपदाचा अंशही शाबूत आहे.

मग आपला ‘कार्पास’ कोठें गेला? तोही घरीं बसला नव्हता. हिब्रू बायबलांतील एस्तेरच्या ग्रंथांत ‘कर्पास’, ग्रीकमध्यें ‘कार्पासोस’ आणि लॅटिनमध्यें ‘कार्बासुस’ या रूपांनीं तो भेटतो. परंतु लॅटिनमध्यें त्याचा अर्थ तलम ताग्याकडे व जहाजाच्या शिडाकडे सरकला. युरोपच्या बाजारांत कापसाचें नांव म्हणून तो टिकला नाहीं. शिवाय हा ‘कार्पास’ही संस्कृतानें येथील अधिक प्राचीन, बहुधा मुंडा कुळांतील, भाषांकडून घेतला असावा, असें कित्येक भाषापंडितांचें मत आहे. तसें असेल तर ज्यांनीं प्रथम नांव दिलें, त्यांचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं.

एक मौज मात्र सांगण्याजोगी आहे. कापसाच्या गासड्या ज्या गोणपाटांत बांधीत, त्यास इंग्रजींत ‘गनी’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘गोणी’पासूनच झाला आहे. मालास अरबांचें नांव आणि वेष्टनास आपलें! वस्तूचें नांव पिकविणाऱ्याकडून क्वचितच येतें. जो ती विकावयास आणतो, त्याच्याच तोंडचा शब्द खरेदीदार उचलतो. शब्दांच्या व्युत्पत्तींत अभिमान शोधण्यापेक्षां व्यापाराच्या या वाटा शोधाव्या. त्यांत सत्य अधिक सांपडतें.